इंटरप्रिटरमधील अंतर्गत बदलांची नोंद कशी लिहावी

भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे त्या भाषेतला प्रोग्रॅम वाचून चालवणारा प्रोग्रॅम, एका आवृत्तीतून पुढच्या आवृत्तीत जातो तेव्हा त्या भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा काही जाणवत नाही. त्याचा प्रोग्रॅम पूर्वी चालत होता तसाच पुढेही चालतो. ज्याने त्या इंटरप्रिटरसाठी सी भाषेत एक्स्टेन्शन (इंटरप्रिटरला बाहेरून जोडलेला कोड) लिहिले आहे, त्याला मात्र ही निश्चिंती नसते. स्ट्रिंग मेमरीत कशी ठेवली जाते, ऑब्जेक्टच्या संदर्भांची मोजणी (तो किती ठिकाणी वापरात आहे हा आकडा; तो शून्य झाला की ऑब्जेक्टची मेमरी मोकळी होते) कोणी वाढवायची आणि कोणी घटवायची, एखाद्या स्ट्रक्चरमध्ये कोणती फील्ड कोणत्या क्रमाने येतात, या गोष्टी भाषेच्या व्याकरणात कुठेच दिसत नाहीत. परंतु एक्स्टेन्शन उभे असते ते त्यांच्याच आधारावर. असे अंतर्गत बदल सुसंगतता मोडतात तेव्हा त्यांची नोंद कशी लिहावी, हे येथे सांगितले आहे. इंटरप्रिटरच्या मूळ प्रकल्पात योगदान देणाऱ्यांना, तसेच आपल्या संस्थेपुरती इंटरप्रिटरची बदललेली प्रत सांभाळणाऱ्यांना ते उपयोगी पडावे.

नोंद कोणासाठी असते

नोंद लिहिण्यापूर्वी वाचक डोळ्यांसमोर आणावा. पांढरकवडा, राळेगाव किंवा हिंगणघाट परिसरातील एखाद्या जिनिंगचा वजनकाटा घ्या. कापसाने भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो, काट्याचा इंडिकेटर सीरियल पोर्टमधून वजन पाठवतो, सी भाषेतले एक छोटे एक्स्टेन्शन ते वजन वाचून पायथन किंवा पीएचपीमधल्या प्रोग्रॅमच्या हाती देते, आणि शेतकऱ्याच्या नावाने काटापट्टी छापली जाते. हे एक्स्टेन्शन तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कोणीतरी एकट्याने लिहिलेले असते आणि सांभाळणाराही तोच असतो.

आता आवृत्त्यांचे वेळापत्रक पाहावे. पायथनची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरमध्ये येते, पीएचपीची नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी, आणि रूबीची २५ डिसेंबरला. विदर्भात नेमका हाच कापसाच्या आवकेचा काळ असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला काटा फेब्रुवारी-मार्चपर्यंत विसावत नाही, आणि फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली असताना चालत्या संगणकाला हात लावण्याचे धाडस कोणी करत नाही. म्हणून आवृत्ती बदलण्याचे काम उन्हाळ्यावर जाते, आणि तेही दर उन्हाळ्यात होतेच असे नाही. परिणामी हा वाचक नोंद उघडतो तेव्हा ती लिहून किमान सहा महिने झालेले असतात, मधल्या दोन-तीन आवृत्त्या त्याने पाहिलेल्याच नसतात, बदलामागची चर्चा त्याच्या वाचनात आलेली नसते, आणि वीज व मोबाइलचे नेटवर्क यांपैकी एक तरी गेलेले असते.

यातून दोन नियम निघतात. पहिला असा की नोंद स्वयंपूर्ण असावी: ‘अधिक माहितीसाठी अमुक चर्चा पाहावी’ एवढे लिहून थांबू नये, कारण ती चर्चा त्याला उघडता येईलच असे नाही. दुसरा असा की नोंद साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, इंटरप्रिटरच्या सोर्स कोडसोबतच असावी, म्हणजे ज्याच्याकडे कोड आहे त्याच्याकडे नोंदही आपोआप पोहोचते.

वेगळी फाइल की वेगळा विभाग

पीएचपीच्या प्रकल्पात सोर्स कोडच्या मुळाशी दोन वेगळ्या फाइल असतात. ‘अपग्रेडिंग’ नावाची फाइल पीएचपीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी असते आणि ‘अपग्रेडिंग.इंटर्नल्स’ ही एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांसाठी. रूबीच्या बातमीपत्रात सी एपीआयचा (एक्स्टेन्शनला वापरण्यासाठी दिलेल्या फंक्शन्सचा) स्वतंत्र विभाग असतो, पर्लच्या प्रत्येक आवृत्तीच्या बदलपत्रात ‘अंतर्गत बदल’ असे शीर्षक ठरलेले असते, तर लुआच्या संदर्भपुस्तिकेतील विसंगतींच्या प्रकरणाचे भाषा, लायब्ररी आणि एपीआय असे तीन भाग पाडलेले असतात. यांपैकी पीएचपीची पद्धत मला सर्वांत सोयीची वाटते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पॉइंटरची (मेमरीतल्या पत्त्यांची) चर्चा नको असते, आणि एक्स्टेन्शन लिहिणाऱ्याला ती इतर पन्नास गोष्टींतून निवडत बसावी लागू नये. प्रकल्प लहान असेल तर एकाच फाइलमधला वेगळा विभाग पुरतो. दोन्ही वाचकांसाठीचा मजकूर एकाच परिच्छेदात मिसळणे मात्र टाळावे.

काय नोंदवावे

बाहेरच्यांना दिलेल्या हेडर फाइलमध्ये (फंक्शन्स आणि स्ट्रक्चर यांची घोषणा करणाऱ्या फाइलमध्ये) काहीही बदलले तर नोंद करावी, हे उघडच आहे. फंक्शन काढले, त्याचा एखादा पॅरामीटर वाढला, मॅक्रोचे फंक्शन झाले, स्ट्रक्चरमधील फील्डचा क्रम किंवा आकार बदलला, हे सर्व त्यात येते. सुटून जातात ते बदल हेडरमध्ये न दिसणारे असतात. परत मिळालेल्या ऑब्जेक्टची मालकी, म्हणजे तो मोकळा करण्याची जबाबदारी, बदलली का, जे फंक्शन कधीच रिकामा पॉइंटर देत नसे ते आता देऊ शकते का, त्रुटी कळवण्याची रीत बदलली का, एखादे फंक्शन बोलावताना इंटरप्रिटरचे कुलूप (एका वेळी एकालाच काम करू देणारे) धरलेले असणे आता आवश्यक झाले का, मॉड्यूल सुरू होण्याचा क्रम बदलला का, हे प्रश्न प्रत्येक अंतर्गत बदलाच्या वेळी स्वतःला विचारावेत आणि एकाचेही उत्तर ‘होय’ असेल तर नोंद लिहावी. कंपाइल केलेल्या बाइटकोडचे (प्रोग्रॅमच्या इंटरप्रिटरला थेट चालवता येणाऱ्या रूपाचे) स्वरूप बदलले असेल तर तेही लिहावे, कारण एका आवृत्तीत आधीच कंपाइल करून ठेवलेल्या फाइल दुसऱ्या आवृत्तीत चालतील असे गृहीत धरणारी माणसे असतात.

‘ते नाव खाजगी होते, त्याची नोंद कशाला’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो, आणि तो मला पटत नाही. सीपायथनमध्ये, म्हणजे पायथनच्या सी भाषेत लिहिलेल्या मूळ इंटरप्रिटरमध्ये, अधोरेषेने सुरू होणारी फंक्शन्स अंतर्गत वापरासाठी असतात, असा संकेत आहे, तरीही ३.१३ च्या तयारीत अशी अनेक फंक्शन्स काढली गेली तेव्हा ती बाहेर वापरात असल्याचे दिसून आले आणि त्यांतली काही परत आणावी लागली. एखादी गोष्ट वापरण्याचा हक्क नसला तरी ती वापरली जाते. ज्याने ती वापरली त्याला बोल लावता येईल, पण बिघाड शोधण्यासाठी त्यालाही एक ओळ लागतेच.

खाजगी मानलेल्या रचनेची नोंद कशी असावी, याचा चांगला नमुना पायथन ३.११ मध्ये सापडतो. त्या आवृत्तीत फ्रेमच्या (चालू असलेल्या फंक्शनची स्थिती ठेवणाऱ्या) स्ट्रक्चरमधील फील्ड सार्वजनिक एपीआयमधून काढून घेण्यात आली. ‘फ्रेमची रचना आता अपारदर्शक आहे’ एवढ्यावर न थांबता त्या नोंदीत एकेक फील्ड घेऊन, त्याऐवजी कोणते फंक्शन वापरावे किंवा ते फील्ड कायमचे गेले आहे काय, हे सांगितले आहे. वाचकाच्या कोडमध्ये त्यांपैकी दोनच फील्ड असतात. ती दोन शोधली की त्याचे काम होते.

बिघाड कसा दिसेल, ते आधी सांगावे

माझ्या मते या सर्व प्रकारात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी बाब हीच आहे. नोंद लिहिणाऱ्याला बदल ठाऊक असतो, म्हणून तो बदलापासून सुरुवात करतो; वाचकापुढे मात्र बिघाड असतो आणि त्याला बदलापर्यंत उलट चालत यायचे असते. म्हणून प्रत्येक नोंदीत हा बदल कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या रूपाने समोर येईल, ते स्पष्ट लिहावे.

टप्पे तीन आहेत. काही बदल कंपाइल करतानाच अडतात. लुआ ५.४ मध्ये कोरूटीन (मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येणारे फंक्शन) पुढे चालवणाऱ्या फंक्शनला एक जादा पॅरामीटर आला. जुना कोड कंपाइल होणारच नाही आणि कंपायलर ओळ क्रमांकासह सांगेल, त्यामुळे अशा बदलासाठी दोन वाक्ये पुरतात. काही बदल एक्स्टेन्शन लोड होताना अडतात. पीएचपीत प्रत्येक शाखेला तारखेसारखा दिसणारा मॉड्यूल एपीआय क्रमांक असतो, उदाहरणार्थ ७.४ साठी २०१९०९०२ आणि ८.० साठी २०२००९३०. एक्स्टेन्शन एका क्रमांकावर कंपाइल झाले आणि पीएचपी दुसऱ्या क्रमांकाची असली, तर ती ते लोड करण्यास नकार देते आणि दोन्ही क्रमांक छापते. नोंदीच्या आरंभी नवा क्रमांक लिहून ठेवला तर छापलेल्या संदेशावरून वाचक योग्य फाइलपर्यंत पोहोचतो.

तिसऱ्या प्रकारातले बदल मुकाट्याने येतात, आणि नोंदीतील निम्मी मेहनत त्यांच्यावरच खर्च व्हायला हवी. एक्स्टेन्शन कंपाइल होते, लोड होते, चालते आणि चुकीचे वागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या पायथन ३.८ मधील एक बदल असाच होता. हीपवर (प्रोग्रॅम चालू असताना मागून घेतलेल्या मेमरीत) तयार केलेल्या टाइपचे ऑब्जेक्ट निर्माण करताना त्या टाइपची संदर्भ-मोजणी काही मार्गांनी वाढत नसे, ३.८ पासून ती इंटरप्रिटर स्वतः वाढवू लागला. ही उणीव भरून काढण्यासाठी ज्यांनी आपल्या कोडमध्ये मोजणी हाताने वाढवली होती त्यांच्याकडे ती आता दोनदा वाढू लागली, आणि ज्यांच्या विसर्जन-फंक्शनमध्ये (ऑब्जेक्ट नष्ट करणाऱ्या फंक्शनमध्ये) ती घटवण्याची ओळच नव्हती त्यांच्याकडे ती वाढलेलीच राहू लागली. दोन्ही बाबतींत काहीही कोसळत नाही. तो टाइप फक्त मेमरीतून कधीच मोकळा होत नाही. पायथनच्या नोंदीत हे लक्षण, कोणते टाइप बाधित होतात आणि कोणते होत नाहीत, तसेच दोन्ही दुरुस्त्यांचा कोड, असे सारे दिलेले आहे. ते दिले नसते तर दिवसभर चालणाऱ्या प्रोग्रॅमची मेमरी हळूहळू का वाढते, हे शोधण्यात एखाद्याचा सबंध उन्हाळा गेला असता.

मुका बदल कोणत्या डेटावर उघडा पडतो, तेही लिहावे. विशेषतः मजकुराशी संबंध असेल तेव्हा. पायथन ३.३ पासून स्ट्रिंगमधील प्रत्येक चिन्हासाठी, त्या स्ट्रिंगमधील सर्वांत मोठ्या चिन्हाच्या गरजेनुसार, एक, दोन किंवा चार बाइट वापरले जातात. इंग्रजी नावाला एकेक बाइट पुरतो, देवनागरी नावाला दोनदोन लागतात. स्ट्रिंगच्या अंतर्गत बफरला थेट हात घालणारे एक्स्टेन्शन केवळ इंग्रजी नावांवर तपासले, तर त्यातली चूक तपासणीत दिसणारच नाही. ती दिसेल काट्यावर, पहिली मराठी काटापट्टी निघताना. ‘हा बदल तिन्ही रुंदींच्या मजकुरावर तपासून पाहावा’ हे एक वाक्य अशा नोंदीत असायलाच हवे.

नोंदीचा एक नमुना

कल्पित इंटरप्रिटरमध्ये स्ट्रिंगची लांबी देणारे एक फंक्शन आहे असे समजू. पूर्वी ते युनिकोड चिन्हांची संख्या देत असे. आता बाइटची संख्या देते. घाईने लिहिलेली नोंद अशी असते: ‘स्ट्रिंगची अंतर्गत हाताळणी सुधारली असून लांबीचे फंक्शन अधिक वेगवान केले आहे.’ यात एकही खोटे विधान नाही, आणि उपयोगाचेही एक नाही. तीच नोंद पुढीलप्रमाणे लिहावी:

‘मजकूर_लांबी हे फंक्शन आवृत्ती ४.० पासून बाइटची संख्या देते, ३.९ पर्यंत ते युनिकोड चिन्हांची संख्या देत होते. फंक्शनचे नाव आणि पॅरामीटर तेच असल्यामुळे कंपायलर कोणतीही सूचना देणार नाही. इंग्रजी मजकुरासाठी दोन्ही संख्या सारख्या येतात. ‘वासुदेव’ या शब्दासाठी पूर्वी ७ येत असे, आता २१ येईल. या संख्येवरून स्तंभांची रुंदी ठरवणाऱ्या कोडमध्ये छपाई सरकलेली दिसेल. चिन्हांची संख्या हवी असल्यास मजकूर_चिन्हसंख्या वापरावे, ते ३.८ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे ३.८ आणि त्यानंतरच्या सर्व आवृत्त्यांसाठी एकच कोड चालेल. स्ट्रिंग आता यूटीएफ-८ स्वरूपातच साठवली जात असल्याने चिन्हे मोजण्यासाठी संपूर्ण मजकूर वाचावा लागतो, म्हणून हा बदल केला आहे.’

येथे कारण सर्वांत शेवटी आणि एकाच वाक्यात आले आहे, याकडे लक्ष द्यावे. बदलाचे समर्थन करण्याची जागा ही नव्हे. पण कारण अजिबात गाळले, तर आपल्या कोडमध्ये आणखी कुठे असाच परिणाम होईल, याचा अंदाज वाचकाला बांधता येत नाही. तसेच ‘आता’, ‘नव्या आवृत्तीत’ यांसारखे शब्द एकटे वापरू नयेत, त्यांच्यासोबत आवृत्तीचा क्रमांक द्यावा. जो तीन आवृत्त्या एकदम ओलांडतो त्याला कोणते ‘आता’ ते कळत नाही. फंक्शन, मॅक्रो आणि त्रुटी-संदेश यांची नावे कोडमध्ये असतात त्याच लिपीत आणि त्याच स्पेलिंगने लिहावीत, म्हणजे त्रुटीची ओळ उचलून फाइलमध्ये शोधली की नोंद सापडते. मूळ प्रकल्पाची नोंद बहुधा इंग्रजीतच लिहावी लागते. ती तिसरी भाषा म्हणून वाचणारे अनेक असतात, हे ध्यानात ठेवून तिच्यात वाक्प्रचार आणि विनोद घालू नयेत.

दोन्ही आवृत्त्यांवर चालणारा कोड

एक्स्टेन्शन लिहिणाऱ्याला जुनी आवृत्ती एका रात्रीत सोडता येत नाही. एका जिनिंगमध्ये जुना संगणक असतो, दुसऱ्यात नवा, आणि एक्स्टेन्शन एकच असते. म्हणून ‘जुने काढा, नवे घाला’ हा सल्ला अपुरा आहे. दोन्हींवर चालणारा मार्ग दिला पाहिजे. पायथन ३.८ च्या वरील उदाहरणात हे फार महत्त्वाचे होते, कारण मोजणी घटवण्याची जी ओळ ३.८ मध्ये आवश्यक झाली तीच ३.७ वर चालवली तर मोजणी वाजवीपेक्षा खाली जाऊन प्रोग्रॅम कोसळू शकतो. आवृत्ती क्रमांक तपासून ती ओळ घेणारा किंवा गाळणारा सशर्त कोड नोंदीतच दिलेला होता, आणि तो तसाच उचलता येत होता.

पर्यायी फंक्शन कोणत्या आवृत्तीपासून आहे, हे न विसरता लिहावे. शक्य असेल तिथे पर्याय आधी आणावा आणि जुने नंतर काढावे. पायथनमध्ये ऑब्जेक्टचा टाइप बदलण्यासाठी पाय_सेट_टाइप हे फंक्शन ३.९ मध्ये आले, आणि पाय_टाइप या मॅक्रोला थेट किंमत देण्याची जुनी रीत ३.११ मध्ये बंद झाली. मधल्या काळात दोन्ही चालत होते. ज्यांना ३.८ लाही धरून ठेवायचे होते त्यांच्यासाठी काही ओळींची स्वतःची व्याख्याही नोंदीत दिलेली होती. लुआ ५.४ ने यूजरडेटाची (लुआच्या हाती दिलेल्या सी डेटाची) फंक्शन्स बदलताना जुनी नावे मॅक्रोच्या रूपाने जिवंत ठेवली आणि त्या डेटाला लुआची एकच किंमत जोडलेली आहे या गृहीतावर ती चालतात, हेही सांगून टाकले. जुने नाव चालू ठेवले असेल तर ते नेमके कोणत्या अटीवर चालते, हे न सांगणे घातक ठरते.

बदल फार मोठा असेल तर सुटी वाक्ये पुरत नाहीत. पीएचपी ७.० मध्ये मूल्य साठवणारे मूलभूत स्ट्रक्चरच बदलले. ६४ बिट संगणकावर ते २४ बाइटवरून १६ बाइटवर आले, संदर्भ-मोजणी त्यातून निघून, ते स्ट्रक्चर ज्या रचनेकडे बोट दाखवते तिच्यात गेली, आणि स्ट्रिंगसाठी स्वतंत्र रचना आली. अशा वेळी आधी एक-दोन पाने जुनी आणि नवी मांडणी शेजारी शेजारी ठेवून समजावावी, मग फंक्शननिहाय यादी द्यावी. केवळ यादी दिली तर वाचक प्रत्येक ओळ यांत्रिकपणे बदलत जातो आणि यादीत नसलेल्या ठिकाणी अडतो.

कधी लिहावी आणि कशी तपासावी

ज्या कमिटमध्ये (कोडच्या इतिहासात एकत्र नोंदवलेल्या बदलात) बदल होतो त्याच कमिटमध्ये नोंद यावी. आवृत्ती बाहेर पडण्याच्या आठवड्यात कमिटचा इतिहास चाळून नोंदी लिहायला बसले की मुके बदल हमखास सुटतात, कारण कमिटच्या एका ओळीच्या शीर्षकात ते ओळखू येत नाहीत. एकाच फाइलमध्ये सर्वांनी लिहिल्यामुळे कोड एकत्र करताना अडचण येत असेल, तर सीपायथनप्रमाणे प्रत्येक नोंद छोट्या स्वतंत्र फाइलमध्ये ठेवून आवृत्तीच्या वेळी ती साधनाने एकत्र करावी. कोड तपासणाऱ्याने हेडर फाइल बदललेली दिसताच नोंद मागावी. हा नियम लिहून ठेवला की वैयक्तिक आग्रहाचा प्रश्न उरत नाही.

तपासणीसाठी मागच्या आवृत्तीवर चालणारे एखादे छोटे एक्स्टेन्शन घ्यावे, ते बदल न केलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावे, सोबत फक्त सोर्स कोड आणि नोंद द्यावी, आणि इंटरनेट बंद ठेवावे. अमरावती, यवतमाळ किंवा वर्ध्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील सी येणारा विद्यार्थी या कामाला उत्तम. तो जिथे प्रश्न विचारतो तिथे नोंद अपुरी आहे. तोंडी उत्तर देऊन मोकळे होऊ नये, तेच उत्तर नोंदीत घालावे.

प्रसिद्ध झालेली नोंद दुरुस्त करावी लागली तर शांतपणे मजकूर बदलून टाकू नये; कोणत्या उप-आवृत्तीनंतर काय दुरुस्त केले, ते त्याच परिच्छेदाखाली लिहावे. मागे घेतलेल्या बदलाची नोंदही पुसू नये. पाय_टाइपचा वरील बदल पायथन ३.१० च्या विकासकाळात आला होता, पुष्कळ एक्स्टेन्शन मोडत असल्याने मागे घेतला गेला आणि ३.११ मध्ये कायम झाला. संदर्भ-मोजणी वाचणाऱ्या शेजारच्या मॅक्रोचा तसाच बदल मात्र ३.१० मध्येच राहिला. चाचणी आवृत्तीवर आपले एक्स्टेन्शन आधीच जुळवून घेणाऱ्याला या दोहोंतला फरक कळावा, यासाठी ‘हा बदल ३.१० मधून मागे घेतला आहे, ३.११ मध्ये पुन्हा पाहावे’ अशी ओळ मूळ नोंदीच्या जागी ठेवावी आणि ३.११ च्या फाइलमध्ये तिचा उल्लेख करावा.